कोणी सांगितलं होतं?

परदेशीपुरा, इंदूर
६ जुलै १९९२

कीर्तीआत्या,

जयभीम. फोन करू शकलो असतो. छत्रीबागेत एका एसटीडी बूथवर बसतो मी आता, दिवसभर लोकांचे नंबर लावून देतो. पण फोनवर तू मला तीन वाक्यांत गप्प करतेस. पत्रात मला मधे कोणी तोडत नाही.

दोन कामं आहेत. दोन्ही तुझ्याकडूनच होणारी.

पहिलं दादांचं. मिल दिवाळीनंतर बंद झाली, तुला माहीत आहे. कोणी भाजीचा ठेला लावला, कोणी ऑटो चालवतोय. माझे वडील, तुझा भाऊ, आपले दादा काय करतात? सकाळी आईकडून डबा घेतात आणि मिलच्या मागच्या शेडमध्ये झांकी बनवायला जातात. पुण्यात राहून विसरली असशील तर आठवण देतो: अनंत चतुर्दशीला प्रत्येक मिलची हलत्या पुतळ्यांची, दिव्यांची गाडी निघते आणि सारं इंदूर फुटपाथवर येऊन बसतं. तीच ती. आधी मिल करत होती, आता मजूरच चंदा करून बनवताहेत. ठीक आहे, ज्यांचा गणपती त्यांनी करावा. दादांचा कुठला गणपती? आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि आजोबांच्या पलटणीचा बिल्ला, बस. विहारात इतकी वर्षं कोणी टोकलं की दादा म्हणायचे, "अरे भाई, ड्यूटी है. मिल लावते, फिटर जातो." लोक मान डोलवायचे. आता मिलच नाही तर ड्यूटी कुठली? लोक मला विचारतात. मी काय सांगू? आई म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय, कीर्तीला लिही, ती डोक्याची डॉक्टर आहे.

दुसरं काम सुरभीचं. सुदामा नगरची, मागे लिहिलं होतं. तिचे वडील पंढरीनाथजी आमच्याच मिलच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते. म्हणजे त्यांचीही नोकरी गेली. जात मात्र जागेवर आहे. गणपती उठले की त्यांचा पितृपक्ष, आणि तो संपला की धारचा एक मुलगा तिला बघायला येणार. बेटम्याला बँकेत आहे म्हणे. माझ्याकडून कोण बोलणार? मिलने दादांना खाल्लं, आई दाराबाहेर पडत नाही, कॉलेज तर मला घरासाठी सोडावंच लागलं. तू ये. तू पुण्याची, शिकलेली, तुला पंढरीनाथजी खुर्ची देतील. दादांना शेडमधून बाहेर काढ आणि सुदामा नगरला माझं बोलून टाक. एका फेरीत दोन्ही होईल.

लवकर लिही. जेवण जात नाही, आणि ती समोर आली की बोलताही येत नाही.

अश्वा


पुणे
१५ जुलै १९९२

प्रिय अश्वा,

जयभीम. एका फेरीत दोन्ही होणार नाही. चार फेऱ्यांतही नाही.

आधी तुझ्या आईला सांग की मी डोक्याची डॉक्टर नाही. मी गोळ्या देत नाही. माणूस समोर बसून बोलतो, मी ऐकते, आणि मधूनच त्याला नको असलेला प्रश्न विचारते. माणसाने स्वतः यावं, हा माझा नियम. दुसऱ्याने धरून आणलेल्यावर मी हात ठेवत नाही. दादाने मला बोलावलेलं नाही. लिहिलंयस तू. तेव्हा तुझ्याबद्दल बोलू.

तुझ्या पत्रात सगळे काही ना काही करताहेत. मिल खाते, आई म्हणते, लोक विचारतात, पंढरीनाथजी खुर्ची देतात. तू तेवढा कुठे दिसत नाहीस. माझ्याकडे एक सरकारी अधिकारी येतात. बदली झाली म्हणून दोन वर्षं बायकोशी बोलत नाहीत. मी विचारलं, सरकारने तसा आदेश काढला होता का? तडक उठून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. तूही चीड, माझी हरकत नाही.

मिल बंद पडली यात दादाचा काही दोष नाही. पण ती पाऊसपाण्यासारखी बंद पडली असंही नाही. कोणीतरी ठरवलं, कोणीतरी सही केली. त्यांना नावं आहेत. मोर्चा काढ, कोर्टात जा, पण 'परिस्थिती' म्हणून त्यांना मोकळं सोडू नकोस. परिस्थिती सह्या करत नाही. आणि मालकाला त्याच्या कृत्याबद्दल जबाबदार धरायचं असेल, तर माणूस आपल्या कृत्याला जबाबदार असतो हे आधी मान्य करावं लागतं. ते मान्य केलं की त्यातून स्वतःला वगळता येत नाही. अडचण तिथे आहे. मला मायबाप सरकार नको वाटतं, मायबाप मालक नको वाटतो, मायबाप पुढारी तर बिलकुल नको. मोठ्या माणसाला आईबाप लागत नाहीत. मायबाप आत्याही लागत नाही.

सुरभीबद्दल पानभर लिहिलंयस. त्यात तिचं एक वाक्य नाही. ती काय म्हणते?

आणि कॉलेज घरासाठी सोडलं म्हणतोस. मिल दिवाळीनंतर बंद झाली. वर्गात जात नाही, मन लागत नाही, हे तू मला दसऱ्यालाच कळवलं होतंस. याचं उत्तर मला देऊ नकोस, मला नको आहे.

कीर्तीआत्या


इंदूर
२४ जुलै १९९२

आत्या,

तुझं पत्र बूथवर वाचलं आणि रागात एका गिऱ्हाईकाला भोपाळऐवजी भुसावळ लावून दिलं. त्याच्या शिव्या मी खाल्ल्या. त्यालाही मीच जबाबदार, असं तू म्हणशील.

मोठ्या माणसाला आईबाप लागत नाहीत. वा. हेच तर सध्या टीव्हीवर चालू आहे. बाजार खुला झाला, आता प्रत्येकाने आपापल्या पायावर उभं राहा. मालक स्वतंत्र, सरकार स्वतंत्र, मजूर पण स्वतंत्र. फरक इतकाच की मजुराला स्वतंत्र झाल्यावर संध्याकाळचं जेवण मिळत नाही. तू स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलीस ना? ती कोणत्या मायबापाने दिली? तुझे ते अधिकारी चिडून उठतात आणि आठवड्याने परत येतात, कारण परत यायला त्यांना नोकरी आहे, घर आहे, स्कूटर आहे. मिलच्या गेटवर बसलेला माणूस तुझ्या खुर्चीपर्यंत पोचणारच नाही, तर त्याला नको असलेला प्रश्न तू विचारशील कशी? सह्या म्हणतेस. सह्या करणारे कुठल्या शहरात बसतात तेही आम्हाला माहीत नाही. आम्हाला दिसतं ते कुलूप.

असो. तू येत नाहीस म्हणून रविवारी मीच शेडमध्ये गेलो, दादांना घरी आणायला. या वेळी समुद्रमंथन आहे. एका बाजूला देव, एका बाजूला दैत्य, मधे लाकडाचा पर्वत आणि पर्वताच्या खाली शिरून माझा बाप ग्रीस लावतोय.

"दादा, घरी चला."

"तो पट्टा धर."

"कोणता पट्टा?"

"समोरचा. एवढा मोठा बाप दिसतो, पट्टा नाही दिसत?"

धरला. त्यांनी मोटर चालू केली. दैत्य ओढायला लागले, देव जागेवरच. दादांनी मोटर बंद केली आणि देवांच्या खाली गेले. मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, मिल बंद आहे. मॅनेजर नाही, साहेब नाही. हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

खालूनच म्हणाले, "कोणी नाही." मग तोंड बाहेर काढून हसले. "तेच तर."

आत्या, ते हसणं बघून मला भीती वाटली. नोकरी गेलेला माणूस, कोणी विचारत नाही म्हणून हसतो. हे नॉर्मल आहे का, एवढं तरी सांग. नियमात बसत असेल तर.

सुरभी तिथेच होती. पंढरीनाथजी झांकीच्या कमिटीत आहेत आणि हिचा हात चांगला, म्हणून दैत्यांचे चेहरे हिच्याकडे. तुला तिचं वाक्य हवं होतं ना, घे. चेहऱ्यावरून नजर न उचलता म्हणाली, "पितृपक्षानंतर घरी पाहुणे येताहेत. तुला काही बोलायचं असेल तर घरी येऊन पापांशी बोल." मी म्हटलं, माझी आत्या येणार आहे पुण्याहून, ती बोलेल. तेव्हा तिने ब्रश खाली ठेवला. "लग्न आत्या करणार आहे?"

सगळी शेड हसली. कोणीतरी वरून म्हणालं, "भिया, आत्या के लिए साडी भी देख लेना." दादाही हसले, देवांच्या खालून.

तू आली असतीस तर हे झालं नसतं.

अश्वजित


पुणे
३ ऑगस्ट १९९२

प्रिय अश्वा,

सुरभीला माझा जयभीम सांग. माझी निम्मी प्रॅक्टिस तिला द्यायला हरकत नाही.

शिष्यवृत्ती मला कोणा मायबापाने दिली नाही. ती हक्काची होती. कृपा आणि हक्क यांतला फरक आपल्या माणसांना कोणी फुकट शिकवलेला नाही, तेव्हा तू तरी तो पुसू नकोस. मजुरांची देणी हक्काची आहेत, ती मागायलाच हवीत, ओरडून मागायला हवीत. माझं म्हणणं इतकंच की कृपा मागणारा वाकतो आणि हक्क मागणारा उभा असतो, आणि उभं राहणं हे दुसऱ्या कोणाला आपल्यासाठी करता येत नाही. टीव्हीवरचे लोक 'आपल्या पायावर उभे राहा' म्हणतात ते स्वतःची सही लपवायला. त्यांच्या तोंडी वाक्य आहे म्हणून ते खोटं ठरत नाही, पण मला ते तुझ्याशी बोलताना जपून वापरायला हवं होतं, हे कबूल.

तुझं आणखी एक खरं आहे. गेटवरचा माणूस माझ्या खोलीपर्यंत येत नाही.

दादाचं हसणं. तो आजारी नाही. लहानपणी आम्ही महूला असताना कोणाच्याही सायकलची चेन बसवून दिली की तो असाच हसायचा. ज्याची सायकल तो ओळखीचा असो नसो. तुला भीती कसली वाटली ते बघ. आणि एक विचार करून ठेव: त्याला मिलने खरंच सांगितलं होतं का कधी? तू विचारलंयस?

तू दादाला थांबवायला कोणीतरी वरचा माणूस शोधतो आहेस. मी नाही म्हटलं, तर आता दुसरा शोधशील. तसं करू नकोस. तुला राग आहे तर तू त्याच्याशी बोल.

सुदामा नगरलाही तसंच.

कीर्तीआत्या


इंदूर
१९ ऑगस्ट १९९२

आत्या,

तू करू नको म्हणालीस, मी केलं. विहारात दौलतरावांना जाऊन सांगितलं. पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, विहाराचे अध्यक्ष, त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी दादांना थांबवलं. सगळे बसलेले. मी मागे, चपलांजवळ.

दौलतराव म्हणाले, "दगडू, मिल बंद झाली. आता ही ड्यूटी कोणाची?"

"कोणाचीच नाही," दादा म्हणाले. "पहिले पण नव्हती."

"मतलब?"

"मिलने मला कधी लावलंच नाही. दुसऱ्या फिटरला लावत होते, मी म्हणत होतो, राहू द्या, मी जातो. ते हलतं ना, म्हणून. पुतळा मान फिरवतो, लोक बघत राहतात. मी हात जोडत नाही, प्रसाद घेत नाही."

"मग इतकी वर्षं ड्यूटी ड्यूटी काय करत होता?"

"ड्यूटी म्हटलं की तुम्ही लवकर गप्प होत होते."

बायकांमधून कोणीतरी हसलं. दौलतराव हसले नाहीत. म्हणाले, "आता विचारणाऱ्यांना मी काय सांगू?"

"सांगा, दगडूला आवडतं."

विहाराची लायटिंग, माइक, सगळं दादा बघतात, तू असताना पण तेच बघत होते. दौलतराव म्हणाले, मग पौर्णिमेचं आम्ही दुसऱ्या कोणाला देऊ. दादा म्हणाले, द्या. उठले. दारापाशी स्विच सैल झाला होता, तो जाताजाता दाबून बसवला आणि बाहेर आले.

आम्ही घराकडे निघालो. कोपऱ्यावर आल्यावर विचारलं, "दौलतरावांकडे तू गेला होता?"

"हो."

"बरं. मला वाटलं तुझी आई."

बस, एवढंच. घरी आले, पाणी प्याले, डबा घेऊन शेडकडे गेले. आत्या, शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी दिवसभर तयार होतो भांडायला. माणूस भांडतच नाही म्हटल्यावर काय करायचं?

आता तुझं बोलतो. मिल बंद झाल्यापासून तू इंदूरला आली नाहीस. दर उन्हाळ्यात येत होतीस, या उन्हाळ्यात नाही. ज्याने बोलावलं नाही त्याच्याकडे जात नाही, हा तुझा नियम पेशंटसाठी असेल, सख्ख्या भावासाठी कधीपासून लागू झाला? दादांकडे ड्यूटी होती, तुझ्याकडे नियम आहे. फरक काय तो मला समजावून सांग. मी कॉलेज सोडलेला मुलगा आहे, सोप्या शब्दांत सांग.

सुरभी शेडमध्ये माझ्याशी बोलत नाही. दैत्यांची पाठ माझ्याकडे करून रंगवते.

अश्वजित


पुणे
३० ऑगस्ट १९९२

अश्वा,

फरक नाही.

तुझं पत्र टेबलावर ठेवून मी चार पेशंट बघितले आणि चौघांनाही काय सांगितलं ते मला आठवत नाही.

मला दादाला दिवसा घरात बसलेला बघायचा नव्हता. मी शाळेत होते तेव्हापासून तो भोंग्याबरोबर घराबाहेर पडणारा माणूस आहे. तो कॉटवर बसलेला दिसला असता, तर मी त्याला काहीतरी समजावायला गेले असते, आणि त्याने ते ऐकून घेतलं असतं. मान हलवून, माझं मन राखायला. ते मला सोसलं नसतं. तेव्हा नियम बरा पडला. तो काही रिकामा बसला नव्हता हे मला तुझ्या पत्रातून कळलं, आणि तरी मी आले नाही, त्याला काय नाव द्यायचं ते तू ठरव. तुला आवडेल ते दे.

माझं बाकीचं म्हणणं मी मागे घेत नाही. मी ते पाळलं नाही म्हणून ते चुकीचं होत नाही. फक्त आता ते मोठ्या आवाजात सांगताना मला जरा लाज वाटेल, आणि वाटलेली बरी.

अनंत चतुर्दशीला येते. दादाने बोलावलेलं नाही, मीच येते. सुदामा नगरला मी येणार नाही. स्टेशनवर तो विषय काढलास तर त्याच गाडीने परत जाईन.

कीर्तीआत्या


इंदूर
२२ सप्टेंबर १९९२

आत्या,

तू पुण्याला पोचल्याचं कळलं. दादा अजून सांगत फिरतात, बहीण पुण्याहून आली आणि आल्या आल्या देवांचा वेग जास्त आहे म्हणून भांडली. देवांचा वेग बरोबरच होता, एवढं मी पण म्हणेन.

तू गेल्यावर रविवारी मी सुदामा नगरला गेलो. एकटा. काय झालं ते सगळं लिहितो, नाहीतर तू म्हणशील आपल्या सोयीचं तेवढं लिहिलं.

परदेशीपुऱ्यातून सायकल मारत, मनात वाक्यं घोकत गेलो. दारात सुरभीची आई. मला बघून दचकली, काहीतरी म्हणणार होती, मी ऐकायला थांबलोच नाही. "काका आहेत?" म्हटलं. "वर आहेत, पण..." ती म्हणेपर्यंत मी अर्धा जिना चढलो होतो.

गच्चीवर पंढरीनाथजी, सोवळं नेसलेले, उघडे, हातात पान. पानावर भात, वरण, वडा. कावळ्याला हाका मारत होते. त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं त्या दिवशी. खाली गुरुजी थांबलेले, घर उपाशी, कावळा शिवला की सगळे जेवणार. पितृपक्षात लग्नाचा शब्दही काढत नाहीत म्हणे. मला काय माहीत? नाव ऐकलं होतं, पण आपल्याकडे पितृपक्ष कुठे असतो? मी आपला रविवार बघून गेलो होतो.

मला बघून म्हणाले, "तिथेच थांब. पुढे येऊ नको."

सोवळ्यामुळे म्हणाले की माझ्यामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शेवटच्या पायरीवर थांबलो. परत फिरता आलं असतं. पण मग पुन्हा कधी आलो असतो का, माहीत नाही. म्हणून बोलून टाकलं.

"काका, मला सुरभीशी लग्न करायचंय."

"आज?"

"आज नाही. करायचंय."

"अरे बाबा, आज तिथी आहे. कावळा येऊ दे."

"मी थांबतो."

मग आम्ही दोघं थांबलो. कावळा समोरच्या घराच्या टीव्हीच्या अँटेनावर बसला होता. बघत होता, येत नव्हता. पंढरीनाथजींनी दोनतीनदा हात जोडले. वडिलांना म्हणाले, अप्पा, काही राहिलं असेल तर सांगा, करतो. मग माझ्याकडे वळून, "तू उभा आहेस म्हणून येत नाही तो."

आता यात चूक तुझी आहे, आत्या. दोन महिने तुझी पत्रं वाचून माझी जीभ बिघडली. मी म्हटलं, "काका, कावळ्याचं कावळा बघेल. मी त्याला धरून ठेवलेलं नाही."

मागे जिन्यात कोणीतरी हसू दाबलं. सुरभी होती. मला ते कळलं आणि माझी छाती फुगली. पंढरीनाथजींनी विचारलं, काय करतोस. बूथवर बसतो म्हटलं. कॉलेज? सोडलं. का? आणि इथे मी घाण केली. तुला सांगितलं होतं घरासाठी, आईला सांगितलं होतं फी भरायला जमणार नाही म्हणून. यांना खरं सांगून छाप पाडायला गेलो.

"सुरभीसाठी सोडलं. दसऱ्याला ती सायन्स सोडून मुलींच्या कॉलेजात गेली. मग मन लागेना."

"माझ्यासाठी?" मागून आवाज आला.

वळलो. आता ती हसत नव्हती.

"मी सांगितलं होतं?"

"सांगितलं नव्हतं, पण..."

"पण काय? तू वर्गात जात नाहीस हे मला होळीला कळलं, तेही दुसऱ्याकडून. तेव्हा एक शब्द बोलला नाहीस. आज पापांसमोर आणून माझ्या माथी मारतोस?"

"माथी नाही मारत. प्रेम आहे म्हणून..."

"प्रेम होतं तर फिजिक्सने काय बिघडवलं होतं?"

पंढरीनाथजी पान हातात धरून कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होते. त्या गडबडीत कावळा कधी आला आणि वडा घेऊन कधी गेला, कोणी बघितलंच नाही. खालून तिच्या आईने विचारलं, "शिवला का हो?" पंढरीनाथजींनी पानाकडे बघितलं. म्हणाले, "बहुतेक."

मग मला म्हणाले, आवाज न चढवता, "दगडूला मी ओळखतो. त्याच्यासारखा फिटर मिलमध्ये नव्हता. माझा राग त्याच्यावर नाही, तुझ्यावर नाही. पण माझी ना आहे. का, ते तुला माहीत आहे, मला बोलायला लावू नको. आता जा, आम्हाला जेवायचंय."

फाटकाशी सायकलचं कुलूप उघडेना. सुरभी आली. मला वाटलं सॉरी म्हणेल. म्हणाली, "धारच्या मुलाला मी नको म्हटलंय. परवाच सांगितलं पापांना." माझा चेहरा खुलला असणार, कारण लगेच म्हणाली, "हसू नकोस. तुझ्यासाठी नाही. मला तो नको म्हणून."

"मग माझं काय?"

"तू आवडतोस मला. पापांची ना असली तरी मी त्यांच्याशी भांडेन, तेवढी हिंमत आहे माझ्यात. पण तुझं कारण होऊन मी कुठे येणार नाही. आज माझ्यामुळे कॉलेज सोडलं. उद्या माझ्यामुळे नोकरी सोडशील, परवा माझ्यामुळे दारू पिशील."

"मी दारू पीत नाही."

"तेही माझ्यामुळेच म्हणशील."

मी विचारलं, "मग थांबू का?"

"ते तू ठरव," म्हणाली आणि आत गेली. आतून ताटांचा आवाज येत होता.

आत्या, मला इतका संताप आला की सायकल राजवाड्यापर्यंत हातात धरून चालत आलो, बसायचं सुचलं नाही. दादांना विचारलं कोणी सांगितलं, तर कोणी नाही. तुला विचारलं काय करू, तर तुझं तू बघ. हिला विचारलं थांबू का, तर तू ठरव. सगळे स्वतंत्र, सगळे शांत, मीच एकटा तापलेला. तुझं हे स्वातंत्र्य ठीक आहे, पण त्यात समोरचं माणूस पण तेवढंच स्वतंत्र असतं, हे तू इतक्या पत्रांत एकदाही लिहिलं नाहीस. ते आधी सांगायला पाहिजे होतं. मी सगळा अभ्यास माझ्या बाजूचाच केला.

ठरवलंय मी. थांबणार. किती दिवस ते तिने सांगितलं नाही, मी विचारणार नाही, आणि उद्या ती दुसऱ्या कोणाला हो म्हणाली तर मी थांबलो होतो हे तिच्या दारात जाऊन सांगणार नाही. एवढं कागदावर लिहितो, कारण तोंडाने बोलायला गेलो तर पुन्हा ओरडेन.

सकाळी कॉलेजात गेलो होतो. ऑफिसातले म्हणतात, वर्षाच्या मधे घेत नाहीत, पुढच्या जूनला या. मी भांडलो, उपयोग झाला नाही, जूनला जाईन. तिच्यासाठी नाही. प्रॅक्टिकलचा तास मला खरंच आवडत होता, पण कॉलेजातल्या आमच्या मित्रांच्या टोळीत ते कोणी बोलत नव्हतं, तर मी पण बोललो नाही.

आणि एक काम उरलंय. पंढरीनाथजींनी मला पायरीवर थांबवलं. ते सोवळं होतं की मी होतो, हे मी त्यांना विचारणार आहे. दादांना नेणार नाही, दौलतरावांना नाही, तुलाही नाही. या वेळी तिथी बघून जाईन.

उत्तराची घाई करू नकोस.

अश्वा